पोपटाची चोच

फुकट आलेली वस्तू मी आधी उलटी करून बघते. ही सवय बाबांची. ते यंत्रमागावर, आमच्या बोलीत लूमवर, जॉबर होते, म्हणजे अडलेलं लूम चालू करून देणारे, आणि कुणी आपणहून चहा पाजला की घोट घ्यायच्या आधी म्हणायचे, "ह्याचं नक्की काहीतरी अडलंय." बहुतेक वेळा अडलेलं असायचंच. त्यामुळे जवळच्या वळ गावातल्या गोदामवाल्यांपैकी एका कंपनीनं आमच्या शाळेला टॅब द्यायचं ठरवलं, तेव्हा स्टाफरूममध्ये पेढे वाटले गेले आणि मी पेढा हातात धरून विचार करत बसले, की बदल्यात ह्यांना काय हवंय.

आमची शाळा भिवंडीजवळच्या शेलार गावाच्या पुढे, रस्त्याला लागून. जिल्हा परिषदेची, मराठी माध्यमाची. पाठीमागच्या आळीत घरोघर लूम. खाली लूम, वर माणसं. त्यांचा खडखडाट दिवसभर खिडकीतून वर्गात येतो आणि कुणाला त्याचं काही वाटत नाही. मी भिवंडीतच जन्मले, आमच्या वस्तीतल्या विहाराच्या अभ्यासिकेत बसून शिकले आणि इथंच शिकवायला लागले. बाहेरून बदली होऊन येणारे शिक्षक पहिल्या महिन्यात घसा बसवून घेतात, मग दुसरी बदली मागतात. माझा घसा इतक्या वर्षांत कधी बसला नाही. मला त्याचा अभिमान होता. त्याचं खरं कारण फार उशिरा कळलं.

टॅब आले ते खोक्यांतून, फुगे आणि फोटोग्राफरसकट. मुलांना ओळीत उभं केलं, प्रत्येकाच्या हातात एकेक टॅब दिला, फोटो काढले आणि टॅब परत घेऊन कपाटात ठेवले. कपाटाला कुलूप लावलं. मुलांना दिलेल्या वस्तूला पहिल्याच दिवशी कुलूप लागलं, तिथंच माझ्या मनात पाल चुकचुकली.

दुसऱ्या दिवशी कंपनीची एक मुलगी आली. गळ्यात ओळखपत्राचा पट्टा, चेहरा हसरा, बोलणं गोड. तिला सगळे कोऑर्डिनेटर मॅडम म्हणायला लागले. तिनं माझ्या वर्गातल्या एकेका पोराचं नाव, वय आणि फोटो टॅबमध्ये घातला.

"हे फोटो जातात कुठं?" मी विचारलं.

"क्लाउडवर, मॅडम."

"आणि तिथून?"

ती हसली. हसून उत्तर देणाऱ्या माणसांचा मला फार राग येतो. पण हेडसर शेजारी उभे होते.

खेळ साधा होता. पडद्यावर एक हिरवा पोपट यायचा. मुलाच्या कानाला हेडफोन. पोपट एक शब्द बोलायचा, खाली चार चित्रं यायची, बरोबर चित्रावर बोट ठेवलं की चांदणी मिळायची. चुकलं की पोपट मान खाली घालायचा. पुरेशा चांदण्या झाल्या की पुढची पायरी. मुलं खुळावली. मधली सुट्टी झाली तरी उठेनात. ज्या पोरांना खाली बसवता बसवता माझा निम्मा तास जायचा, ती सगळी कानाला हेडफोन लावून चिडीचूप बसली.

हेडसर दारात येऊन म्हणाले, "बघा बाई, किती शांतता!"

मला ती शांतता मुळीच आवडली नाही. भिवंडीत शांतता म्हणजे एक तर लाईट गेली, नाहीतर बंद पुकारला. लूम चालू असतं तेव्हा सगळं ठीक असतं. थांबलं की माणसं घराबाहेर येऊन काय झालं ते विचारतात. तिसरीचा वर्ग असा गप्प बसला की मला दारात जाऊन काय झालं ते विचारावंसं वाटायचं.

मी डोळ्यांत तेल घालून खोड्या शोधायला लागले आणि त्या सापडल्याही. पोपट एकदा 'कापड' म्हणाला आणि चित्रांत एक चरखा, एक शर्ट, एक बादली, एक ढग. अर्ध्या वर्गानं चरख्यावर बोट ठेवलं. त्यांच्या घरी कापड मशीनवर तयार होतं, आणि चित्रांत मशीन तेवढं एकच होतं. पोपटानं मान खाली घातली. जी पोरं कापडाच्या ताग्यांवर झोपून मोठी झाली, त्यांना कापड कळत नाही, असं त्या टॅबनं लिहून ठेवलं. मी ते कोऑर्डिनेटर मॅडमना दाखवलं. त्या म्हणाल्या, "फीडबॅक पाठवते." फीडबॅक कुठं गेला, ते त्या फोटोंच्या क्लाउडलाच ठाऊक.

आता एका पोरीबद्दल सांगते, कारण हे सगळं तिच्यासाठीच लिहितेय.

ती पहिल्या बाकावर, अगदी माझ्या टेबलासमोर बसायची. पहिलीपासून तिनं ती जागा कुणाला दिली नव्हती. दुसरं कुणी बसलं की भांडायची, चिमटे काढायची. मी बोलायला लागले की तिचे डोळे माझ्या तोंडावरून हलायचे नाहीत. श्रुतलेखनात चुका कमी, अक्षर सुबक, पाढे पाठ. बोलणं मात्र जरा बोबडं, 'स' आणि 'श' खाऊन बोलायची. घरचे म्हणायचे, शेंडेफळ आहे, लाडावलीय. मी इतर पोरांना तिच्याकडे बोट दाखवून सांगायची, "हिचं लक्ष बघा! असं ऐकावं!" ते आठवलं की आजही मला कसंतरी होतं.

टॅबनं महिनाभरात वर्गाचे तीन गट केले. हिरवा, पिवळा आणि लाल. कोऑर्डिनेटर मॅडमनी रंगीत कागद छापून आणला. ही पोर लाल गटात, आणि लाल गटातही सगळ्यांत खाली.

"मशीन बिघडलंय तुमचं," मी म्हणाले.

"मॅडम, सिस्टीम प्रत्येक मुलाचा वेग बघते. आपण माणसं कधीकधी आवडत्या मुलांना झुकतं माप देतो."

हे तिनं इतक्या मायेनं सांगितलं, की माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी हिचा टॅब बदलला. तिच्या शेजारणीचा दिला, जी हिरव्यात होती. पुन्हा लाल. मी स्वतः हेडफोन लावून बसले. पोपट स्पष्ट बोलत होता, पुस्तकी, गुळगुळीत, पण स्पष्ट. मग मला वाटलं, पोरगीच मस्ती करतेय. मी खिडकीशी उभं राहून तिच्यावर नजर ठेवली. मस्ती नव्हती. ती टॅब अगदी नाकाशी धरून बसली होती आणि पोपटाच्या चोचीकडे टक लावून बघत होती. चोच उघडायची, मिटायची. प्रत्येक शब्दाला तशीच उघडायची आणि तशीच मिटायची. मग ती कुठल्याही चित्रावर बोट ठेवायची आणि पोपट मान खाली घालायचा.

एक दिवस तिनं टॅब माझ्या टेबलावर ठेवला आणि रडकुंडीला येऊन म्हणाली, "बाई, ह्यो पोपट नीट बोलत न्हाय."

वर्ग हसला. मी मात्र खूश झाले. मला साक्षीदार मिळाला होता. तशीच हेडसरांकडे गेले आणि म्हणाले, "लेकरालासुद्धा कळतंय, आवाज नीट नाही." कोऑर्डिनेटर मॅडमनी सांगितलं, मुलांच्या कानांना त्रास नको म्हणून आवाज मुद्दाम बेताचा ठेवलाय. माझ्या हट्टापायी त्यांनी तो थोडा वाढवला. हिला त्या दिवशी दोन-चार चांदण्या जास्त मिळाल्या, बाकी सगळं लालच राहिलं.

इथवर हा माझा आणि टॅबचा झगडा होता. पण मग हेडसरांनी मला बोलावून घेतलं. कंपनीचे साहेब शाळा बघायला येणार होते आणि त्यांना रंगीत कागद दाखवायचा होता. लाल गटातल्या मुलांना पहिलीचे खेळ द्यायचे, माझ्या वाचनाच्या तासाला बसवायचं नाही, असं ठरलं. आणि सगळ्यांत खालच्या पोरीच्या वडिलांना निरोप गेला, की मुलीची समज कमी आहे, तिला वेगळ्या शाळेत घालायचा विचार करा.

वेगळी शाळा कुठं आहे ते निरोपात नव्हतं. वडिलांनी विचारलंही नाही. दुसऱ्या दिवसापासून पोर शाळेत आली नाही. तिच्या आळीतल्या पोरींनी सांगितलं, "बाई, ती आता कांड्या भरते." कांडी म्हणजे धोट्यात, लूमवर इकडून तिकडे पळणाऱ्या लाकडी होडीत, बसवतात ती सुताची नळी. घरच्या लूमला दिवसभर भरलेल्या कांड्या लागतात, आणि घरातली शाळा सुटलेली पोरगी पहिल्यांदा त्याच मशीनवर बसते. एकदा बसली की उठत नाही. अशा किती पोरी माझ्या पहिल्या बाकावरून तिथं गेल्यात, ते मला माहीत आहे. ही जाऊ द्यायची नाही, असं मी ठरवलं.

शाळा सुटल्यावर मी तिच्या घरी गेले. गावचंच शेतकरी कुटुंब. शेत गेलं, त्या पैशात थोडे लूम आले. वडील स्वतः लूम चालवायचे, आई कांड्यांच्या मशीनवर. मी आत पाय टाकला तेव्हा सगळे लूम जोरात चालू होते. पोरगी कोपऱ्यात पाठमोरी बसून भरलेल्या कांड्या पेटीत रचत होती. आईनं मला बघितलं आणि ओठ हलवले: बसा ना बाई, चहा ठेवते. मीही ओठांनीच म्हणाले, चहा नको, बोलायचंय.

हे वाचून ज्यांना नवल वाटेल त्यांनी कधी लूमच्या घरात पाय ठेवलेला नाही. त्या आवाजात तोंडातून आवाज काढण्यात काही अर्थच नसतो. माणसं ओठ मोठे करून, शब्द मोकळे करून, हाताची जोड देऊन बोलतात आणि समोरचा डोळ्यांनी ऐकतो. आमच्या घरीही तसंच होतं. बाबा रात्रपाळीहून आले की घरातसुद्धा बिनआवाजाचं बोलायचे आणि आई म्हणायची, लूम तिकडंच ठेवून या. कुणाला बोलवायचं असलं तर हाक मारत नाहीत. जमिनीवर पाय आपटतात, नाहीतर रिकामी कांडी त्याच्या पायाशी टाकतात. तो वळतो आणि मग बोलणं होतं.

तर आम्ही दोघी अशा बोलत होतो. तिची आई सांगत होती, पोर दिवसभर रडते, पण बापाचं डोकं फिरलंय, शाळेनं आपल्या पोरीला येडी म्हटलं म्हणतो. तेवढ्यात लाईट गेली.

लूम एकापाठोपाठ एक थांबले. आईचे ओठ सवयीनं अजून हलतच होते, आवाज नव्हता. मग तिच्या लक्षात आलं, ती हसली आणि मोठ्यानं म्हणाली, "अगं, बाईंना पानी आन."

पोर पाठमोरी कांड्या रचत राहिली.

"अगं ए, पानी आन ना!"

घरात टाचणी पडली असती तर ऐकू आली असती. मला माझा श्वास ऐकू येत होता. पोरीनं मान हलवली नाही. आईनं शेजारची रिकामी कांडी उचलली आणि काही न वाटता, रोजच्यासारखी, तिच्या पायाशी टाकली. पोर लगेच वळली. आईचं तोंड बघितलं आणि पाणी आणायला उठली.

ती पाणी घेऊन आली, मी तांब्या घेतला, आणि ती पुन्हा पाठमोरी बसल्यावर तिच्या मागे उभी राहिले. मी तिचं नाव घेतलं. पुन्हा घेतलं. वर्गात घेते त्या आवाजात घेतलं. आई माझ्याकडे बघायला लागली. पोर कांड्या रचत होती.

तिथं उभ्या उभ्या मला एकेक आठवायला लागलं. अकलोलीच्या गरम पाण्याच्या कुंडावर सहल नेली होती, तेव्हा ही रस्त्याच्या मधोमध चालत होती, मागून टेम्पोवाला हॉर्न देऊन देऊन थकला आणि उतरून शिव्या देऊन गेला. मी हिलाच रागावले होते. वर्गात मी डस्टर टेबलावर आपटते तेव्हाच ही वर बघायची. आणि माझा घसा! तो बसायचा नाही, कारण मी लूमवाल्याची लेक, वर्गातही निम्मं बोलणं ओठांनी आणि हातांनी करत होते. हिला माझ्या वर्गात काही कमी पडत नव्हतं. बाहेरगावची, तोंडातल्या तोंडात बोलणारी एखादी बाई असती, तर तिला आठवड्यात कळलं असतं. आम्हाला कुणालाच कळलं नाही, कारण ह्या आळीत सगळे असेच बोलतात.

पोपटाला तेवढं जमत नव्हतं. त्याच्या चोचीत शब्दच नव्हते.

वडील आतून आले. मी त्यांना सांगितलं, पोरीला ऐकू येत नाही, निदान नीट येत नाही. त्यांचा चेहरा एकदम बंद झाला. आधी शाळेनं पोरगी येडी ठरवली, आता बाई बहिरी म्हणायला आली. त्यांना माझाच संशय आला आणि त्यांच्या जागी मी असते तर मलाही आला असता.

"बाई, तिला सगलं कलतं. घरातलं सगलं काम करते. बहिरी कशी असंल?"

"शुक्रवारी लूम बंद असतात ना? शाळेत या. मी दाखवते. नाही पटलं तर परत कधी तुमच्या दारात येणार नाही."

ते येतील असं मला वाटलं नव्हतं. पण आले. पांढरा शर्ट घालून, पोरीला घेऊन. हेडसर होते, कोऑर्डिनेटर मॅडमही होत्या. मी हिचा टॅब काढायला सांगितला. हेडफोन हिच्या कानाला न लावता माझ्या कानाला लावला, टॅब हिच्या पुढ्यात ठेवला आणि हिच्यासमोर बसले. पोपट माझ्या कानात म्हणाला, 'कासव'. मी आवाज न काढता, ओठ मोकळे करून तोच शब्द म्हणाले. तिनं कासवावर बोट ठेवलं. चांदणी. पोपट म्हणाला 'पाटी', मी ओठांनी 'पाटी', चांदणी. ती हसायला लागली. पोपट आता नीट बोलत होता. बघता बघता तिनं पायरी संपवली, पुढची उघडली, तीही संपवली. टॅबवर फुगे उडाले.

हेडसर घसा साफ करून म्हणाले, "बाई, राग मानू नका. पण वर्ग तुमचा, विद्यार्थिनी तुमची लाडकी. तुम्ही डोळ्यांनी खुणा करत नाही कशावरून?"

आयुष्यभर दुसऱ्यांवर संशय घेतला, आणि ऐन वेळी तो उलटून माझ्या अंगावर आला. मी नुसता हेडफोन काढून टेबलावर ठेवला.

तो वडिलांनी उचलला. त्यांनी तो उलटासुलटा करून बघितला, कानाला लावला आणि माझ्या खुर्चीत बसले. त्यांना टॅब येत नव्हता आणि माझ्या खुणाबिणा ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. त्यांना लूमवरचं बोलणं येत होतं. पोपट जे बोलला ते त्यांनी ओठांनी म्हटलं. पोरीनं चित्रावर बोट ठेवलं. चांदणी. पुन्हा म्हटलं, पुन्हा चांदणी. एकही चुकली नाही.

मग ते उठले. सावकाश तिच्या पाठीमागे गेले आणि तिच्या नावानं हाक मारली. पोर टॅबवर पुढचं चित्र शोधत होती. त्यांनी जरा वाकून पुन्हा मारली. सवयीनं त्यांचा पाय उचलला गेला, जमिनीवर आपटायला, आणि तसाच अधांतरी थांबला. त्यांनी तो हळूच खाली ठेवला.

"बाई," ते म्हणाले, "मी हिला कधी हाक मारलीच न्हाय."

कोऑर्डिनेटर मॅडमच्या डोळ्यांत पाणी आलं. ते खरं होतं, एवढं मी मान्य करते. तिनंच धावपळ करून ठाण्याच्या सरकारी दवाखान्यात कानाच्या तपासणीची तारीख मिळवून दिली. टॅबचं मात्र मी काहीही मान्य करत नाही. त्या शुक्रवारच्या खेळामुळे त्यानं हिला एका दमात लालमधून हिरव्यात टाकलं, आणि पुढच्या कागदावर हिच्या नावापुढे शाबासकीचा अंगठा छापून आला. आधी मठ्ठ ठरवली, मग हुशार ठरवली, आणि ऐकू येतं का, हे एकदाही विचारलं नाही. हेडसरांनी तो कागद साहेबांना दाखवला. साहेब खूश झाले.

दवाखान्यात मी बरोबर गेले होते. तपासणाऱ्या बाईंनी सांगितलं, कानात आवाज आला की हात वर कर. पोर त्यांचा चेहरा बघून हात वर करायला लागली. त्यांच्या भुवया हलल्या की हिचा हात वर. मी म्हणाले, "बाई, हिला भिंतीकडे तोंड करून बसवा." त्यांनी माझ्याकडे चमकून बघितलं आणि खुर्ची फिरवली. मग बराच वेळ हात खालीच राहिला. लहानपणी कधीतरी तापात ऐकणं गेलं असेल, म्हणाल्या, किंवा जन्मापासूनच असेल. जाडे आवाज थोडे येतात, बारीक येत नाहीत. कानाला यंत्र लावलं तर बरंच येईल. आई हुंदके देत राहिली. वडील भिंतीवरचा कानाचा तक्ता बघत उभे होते.

यंत्र मिळायला वेळ लागला. मधल्या काळात ती शाळेत आली, आपल्या जागेवर बसली आणि तिथं बसलेल्या पोराला तिनं चिमटा काढला. वाचनाच्या तासाला तिला कुणी उठवलं नाही, कारण कागदावर ती हिरवी होती. टॅबच्या तासाला मी तिच्यासमोर बसायची आणि पोपटाचे शब्द ओठांनी सांगायची.

यंत्र लागलं तेव्हा पहिले काही दिवस ती ते काढून दप्तरात टाकायची. लूमचा आवाज तिला सहन होईना. घरात शिरताना दोन्ही कानांवर हात ठेवायची. आईला वाटलं, मशीन खराब निघालं. मलाही तसंच वाटलं, कारण फुकट आलेलं होतं. मी ते उलटं करून, घासून, पुसून बघितलं. ते चांगलं होतं. लूमचा आवाजच तसा आहे, आम्हीच तो कधी ऐकला नव्हता.

मग एका शुक्रवारी, लूम बंद असताना, तिचे वडील शाळा सुटायच्या वेळी फाटकाबाहेर येऊन उभे राहिले. मुलं बाहेर पडत होती. ही मैत्रिणीच्या मागे, दप्तर सावरत, त्यांच्याकडे न बघताच पुढे निघून गेली. त्यांनी तिला जाऊ दिलं. बरीच लांब गेल्यावर त्यांनी तिच्या नावानं हाक मारली, पहिल्यांदा जरा दबकत, लाजल्यासारखी.

ती थांबली आणि वळली.

मी फाटकातच होते. माझा जन्माचा स्वभाव काही जाईना. म्हटलं, सावली दिसली असेल, मैत्रिणीनं कोपर मारलं असेल. मी त्यांच्याजवळ गेले आणि म्हणाले, "वळू द्या तिला पुढं. आणि ह्या भिंतीमागं उभं राहून परत मारा." ते मुकाट्यानं भिंतीमागे गेले. ती पुन्हा चालायला लागली होती, मैत्रीण केव्हाच पुढे पळाली होती आणि रस्त्यावर तिच्याजवळ कुणी नव्हतं. ह्या वेळी त्यांनी जोरात हाक मारली, शेतात मारतात तशी, पोटातून.

ती वळली. इकडे तिकडे बघितलं, बाप दिसेना. मग धावत परत आली, भिंतीमागे डोकावली आणि बापाला बघून म्हणाली, "काय?"

"काय न्हाय," ते म्हणाले. "नुसती हाक मारली."